क्रोमोसोमवरचे पट्टे खरे की रंगाची करामत?

प्रश्न: माझ्या वहिनीची कॅरिओटाइप टेस्ट (क्रोमोसोमची संख्या नि रचना तपासणारी) झाली. रिपोर्टमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रोमोसोम छापलेत आणि '550 बँड' असं लिहिलंय. हे पट्टे खरंच आत असतात की नुसते रंगवल्यामुळे येतात? – एक वाचक, सांगली

उत्तर: दिसतात रंगामुळेच, पण कुठे गडद नि कुठे फिकट ते क्रोमोसोमच ठरवतो. लॅबमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवतात, कोल्चिसिन घालून विभाजनाच्या ऐन मध्यात अडवतात, मग स्लाइडवर थोडाच वेळ ट्रिप्सिन (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) आणि त्यावर गिम्सा रंग. डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो; गडद पट्ट्यात ए-टी जास्त नि जीन्स विरळ, फिकट भागात जी-सी जास्त आणि जीन्सची दाटी.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेळेची. पेशी दुभंगण्याआधी सगळा डीएनए कॉपी होतो, त्याला साधारण आठ तास लागतात, आणि एक नंबरच्या क्रोमोसोममध्येच जवळपास 25 कोटी अक्षरं आहेत, कॉपी करणारी यंत्रणा मिनिटाला हजार-दोन हजार अक्षरं उरकते, म्हणजे एकाच जागेवरून सुरुवात केली तर महिना उलटून जाईल! म्हणून हजारो ठिकाणांहून काम सुरू होतं, पण सगळीकडे एकदम नाही. फिकट पट्टे आधी, गडद पट्टे शेवटी.

हे डोळ्यांनी बघता येतं. शेवटच्या काही तासांत पेशींना बीआरडीयू नावाचं टी-सारखंच रसायन द्यायचं, उशिरा कॉपी होणारा भाग ते आत घेतो आणि नंतर रंग कमी धरतो, की झालं, नेहमीचे गडद पट्टे फिकट आणि फिकट ते गडद, अख्खं चित्रच उलटं. बायकांच्या दोन एक्स क्रोमोसोमपैकी जो बंद असतो तोही असाच उशिरा कॉपी होतो.

वेळापत्रक मात्र सगळ्या पेशींत सारखं नसतं, बीटा-ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक घटक) या जीनचा भाग लाल पेशी बनवणाऱ्या पेशींत लवकर उरकतो, इतर बऱ्याच पेशींत उशिरा.

आता तुमचे 550. एका संचातल्या (23) क्रोमोसोमवर मिळून अंदाजे इतके पट्टे वेगळे ओळखता येतात, म्हणजे एकेका पट्ट्यात सरासरी पन्नासेक लाख अक्षरं. त्याहून बारीक तुकडा गळाला असेल तर तो इथे सहसा दिसत नाही, त्यासाठी मायक्रोअ‍ॅरे ही डीएनएचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी टेस्ट करतात. वहिनींना त्याची गरज आहे का, हे जेनेटिक काउन्सेलरलाच विचारा.