केनियात मालिंदीला राहायला जातोय. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यांत गेलं तर पहिल्यांदा काय करायचं?

पाणी. लगेच, भरपूर, आणि दवाखान्यासाठी गाडी शोधण्याआधी.

घरात लहान मुलं आहेत आणि आवारात नाग दिसल्याचं शेजारी सांगतात, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी याच किनाऱ्यावर एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. रात्रपाळीला नवा आस्कारी, म्हणजे पहारेकरी, लागला की त्याला सगळ्यांत आधी हेच शिकवतो.

विष गेलं की इतकी आग होते की पापण्या आपोआप आवळल्या जातात. मिटलेल्या डोळ्यांवर पाणी मारून काही होत नाही. एकाने डोकं घट्ट धरायचं, दुसऱ्याने बोटांनी पापण्या फाकवून नळाची किंवा तांब्याची हलकी धार सोडायची. धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात विष जाणार नाही. 15 ते 20 मिनिटं. मूल रडेल, हात झटकेल, तरी थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. डोळा अजिबात चोळू देऊ नका. जवळ पाणीच नसेल तर दूध चालेल, पण ते फक्त विष वाहून जावं म्हणून. नळ शेजारी असताना दूध शोधत पळणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यात गेलेला वेळ फार महाग पडतो.

मग त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. रंगीत थेंब टाकून, निळ्या प्रकाशात ते बुबुळावर ओरखडा आहे का बघतात आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून थेंब देतात. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका. अँटीव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं औषध, डोळ्यात तर घालायचंच नाही, आणि साप चावला नसेल तर टोचायचीही गरज नसते. वेळेवर धुतलेले डोळे बहुधा काही दिवसांत बरे होतात. हयगय केली तर बुबुळावर जखम होऊन फूल पडतं, दृष्टी कायमची जाऊ शकते.

आपल्याकडचा नाग फणा काढून फुसफुसतो, हे मात्र खरंच विष फवारतात. दाताचं भोक पुढच्या बाजूला असतं आणि विषग्रंथीवरचे स्नायू आवळले की पिचकारी उडते, दोन मीटरच्याही पुढे. फवारताना तो डोकं हलवतो, त्यामुळे विष तोंडावर पसरतं आणि सहसा डोळे चुकत नाहीत. तुमच्या भागातला अ‍ॅशचा नाग तर थुंकणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा. 2007 मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. नाव जेम्स अ‍ॅश यांच्यावरून, ज्यांनी शेजारच्या वाटामूत बायो-केन हे सर्पकेंद्र उभारलं. त्या केंद्राचा फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा, साप स्वतः हुसकायला जाऊ नका.

हे नाग चावतातही, आणि चावलेल्या जागचं मांस सडतं. तेव्हा मात्र एक क्षणही न दवडता रुग्णालय. झोपेत साप अंथरुणात शिरू नये म्हणून रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

मुलांना आजच सांगून ठेवा: साप दिसला तर वाकून बघायचं नाही, मागे सरकायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. अंगणातल्या नळाजवळ एक तांब्या कायम असू द्या.