लॉकर रिकामा, पाटल्या गहाण

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका शिक्षिकेचं पत्र आहे. आजीकडून पाच तोळ्यांची मोहनमाळ आणि चार तोळ्यांच्या पाटल्या मिळाल्या. भाच्याच्या लग्नात मोहनमाळ तशीच घालावी, की सराफ्यात देऊन आजच्या धाटणीची घ्यावी?

घाला, ताई. पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवणाऱ्याकडून, नव्याने गाठवून घ्या. देताना आणि घेताना वजन करा. बदलायची झाली तर हिशेब असा. सोनं सोयीसाठी तोळ्याला लाख धरू. पाच लाखांच्या माळेवर घट, म्हणजे जुनं सोनं घेताना सराफ कापतो ती रक्कम, पंचवीस हजार, नवी मजुरी साठ हजार, जीएसटी सतराएक हजार. शिवाय जुनं देऊन नवं घेणं ही आयकराच्या नजरेत विक्रीच. त्याआधीच्या जुन्या दागिन्याला आयकर मानू देतो तो १ एप्रिल २००१ चा भाव धरला तर माळेची खरेदी किंमत वीस-बावीस हजार, बाकी सगळा नफा, त्यावर १२.५ टक्के, म्हणजे आणखी साठ हजार. दीड लाखावर पाणी, आणि आजीची माळ गेली ती गेलीच.

पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. "पाटल्या सध्या गोल्ड लोनमध्ये आहेत, पॉलिसीचा दुसरा हप्ता भरायचा होता." आणि ही विम्याची पॉलिसी कुठली? बँकेने लॉकर देताना गळ्यात मारलेली! दागिने ठेवायला लॉकर, लॉकरसाठी पॉलिसी, पॉलिसीसाठी दागिने गहाण. लॉकरमध्ये मग ठेवलंय काय?

लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते. विमा घ्यायलाच लावणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. लेखी तक्रार करा.

"पैसे जवळजवळ दुप्पट होतात" असं तुम्हाला सांगितलं. पॉलिसीत वर्षाला लाख, असे दहा वर्षं भरायचे, आणि पंधराव्या वर्षाअखेर सतरा लाख मिळायचे. हे वर्षाला साधारण पाच टक्के झाले. तेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, आजच्या ७.१ टक्क्यांनी एकवीस लाखांच्या आसपास जातात. तुम्ही मात्र अकरा टक्क्यांनी कर्ज काढून पाच टक्के कमावताय.

तिसरा हप्ता भरू नका. सरेंडर केली, म्हणजे आत्ताच मोडली, तर किती; पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, दोन्ही आकडे लेखी मागवा. दोन लाखांतले निम्मेच परत आले तरी माझं मत सरेंडरकडेच झुकेल, कारण अजून आठ लाख जायचे आहेत. मार्चच्या हप्त्यासाठी साठवलेले साठ हजार आजच कर्जात भरा, उरलेलं सरेंडरच्या पैशातून फेडा आणि पाटल्या सोडवा. घरविम्यात दागिन्यांचं संरक्षणही जोडून घ्या. लॉकरमधल्या ऐवजाचा विमा बँक उतरवत नाही.

आणि एक. घराच्या कर्जाचा हप्ता यजमानांच्या पगारातून जातो असं लिहिलंय, पण त्यांच्या मुदत विम्याचा, म्हणजे मुदतीत मृत्यू आला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा, पत्रात कुठे उल्लेख नाही. तो किती आहे, ते कळवा.