भाराचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणारी ईटॅब्स आणि स्टॅड प्रो ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सोलापूरच्या वाचकांनी लोड केसविषयी (भाराचा एकेक प्रकार धरून केलेल्या वेगळ्या हिशेबाविषयी) विचारलेल्या काही प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : जुळे सोलापुरात तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत ईटॅब्समध्ये मांडली आहे. स्लॅब १२ बाय १५ मीटरचा आहे. फूटिंगवरचा (पायावरचा) एकूण भार हातानं काढलेल्या आकड्याच्या दीडपट येतोय. चूक कुठे शोधू?

उत्तर : डिफाइन मेनूतून लोड पॅटर्न (भारांच्या प्रकारांची यादी) उघडा आणि सेल्फ वेट मल्टिप्लायरचा (सांगाड्याचं स्वतःचं वजन किती पट धरायचं ते सांगणारा) रकाना वरून खाली वाचत या. डेडसमोर (कायमच्या वजनासमोर) १ आणि बाकी सगळ्यांसमोर ० हवा. डेडची ओळ निवडलेली असताना नुसतं नाव बदलून नवा पॅटर्न वाढवला, की तो १ सोबत येतो. मग फ्लोअर फिनिशमध्ये काँक्रीटचं वजन, भिंतीच्या पॅटर्नमध्ये पुन्हा काँक्रीटचं वजन.

तपासणी कॉम्बिनेशनवर (गुणक लावून केलेल्या भारांच्या बेरजेवर) करू नका, एकेका केसची बेस रिॲक्शन (पायाशी मिळणारा एकूण प्रतिभार) पाहा. तुमच्या स्लॅबचं क्षेत्रफळ १८० चौरस मीटर. चार मजल्यांवर फिनिश प्रति चौरस मीटर १ किलोन्यूटन, म्हणजे ७२० किलोन्यूटन. गच्चीवर सरासरी १०० मिमी ब्रिकबॅट कोबा धरला तर प्रति चौरस मीटर २, म्हणजे ३६०. फिनिशच्या केसची उभी रिॲक्शन १,०८० किलोन्यूटनच यायला हवी. १२५ मिमी जाडीच्या एका स्लॅबचंच वजन ५६२.५ किलोन्यूटन भरतं, त्यामुळे त्या केसमध्ये काँक्रीट शिरलं असेल तर आकडा हजारोंनी फुगलेला दिसेल आणि वेगळं शोधावं लागणार नाही.

भिंतींचा हिशेबही असाच लावा. ३ मीटर मजला, ४५० मिमी बीम, उरलेली २.५५ मीटर उंची, २३० मिमी वीटकाम : बीमवर प्रति मीटर सुमारे ११.७ किलोन्यूटन. मजल्याची पूर्ण उंची धरून बीमचं वजन दोनदा घेणारी मॉडेल्स बरीच असतात.

प्रश्न : डेड, फिनिश, भिंत, टाकी, गच्चीचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा बदलता भार) या सगळ्यांच्या वेगळ्या केस कशाला? डेड आणि लाइव्ह एवढ्या दोनच ठेवल्या तर?

उत्तर : नुसत्या उभ्या भारासाठी चालून जाईल. भूकंपाच्या हिशेबात मात्र अडकाल. आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार प्रति चौरस मीटर ३ किलोन्यूटनपर्यंतच्या लाइव्ह लोडचा २५ टक्के, त्याहून जास्त असेल तर ५० टक्के भाग भूकंपाच्या वजनात धरायचा आणि गच्चीचा लाइव्ह लोड अजिबात धरायचा नाही. तिन्ही एकाच केसमध्ये असतील तर मास सोर्समध्ये (भूकंपाच्या वजनात कोणता भार किती धरायचा त्या यादीत) वेगळे गुणक देणार कसे?

टाकीचं पाणी पूर्ण धरायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाक्या मोठ्या असतात. ५,००० लिटरची टाकी म्हणजे फक्त पाण्याचेच ४९ किलोन्यूटन, तेही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकीला लाइव्हमध्ये टाकून २५ टक्क्यांवर आणणं चुकीचं आहे.

मास सोर्समध्ये आणखी एक खड्डा आहे. ‘एलिमेंट सेल्फ मास’वर खूण आणि त्याच वेळी डेड पॅटर्नला गुणक १, असं दोन्ही ठेवलं तर सांगाड्याचं स्वतःचं वजन दोनदा धरलं जातं आणि बेस शिअरही (पायाशी येणारा भूकंपाचा आडवा जोर) फुगतो. दोन्हींपैकी एकच ठेवा.

प्रश्न : कॉम्बिनेशनची यादी फार लांब होते. ०.९ डेडवाली काढून टाकली तर चालेल का?

उत्तर : नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे १.५ (डेड + लाइव्ह) हे एक. भूकंपाच्या दोन दिशा आणि दोन चिन्हं धरून १.२ (डेड + लाइव्ह ± भूकंप) ची चार, १.५ (डेड ± भूकंप) ची चार, ०.९ डेड ± १.५ भूकंपची चार. एकूण तेरा. वारा घेतला की आणखी बारा. वारा आणि भूकंप एकाच कॉम्बिनेशनमध्ये घ्यायचे नाहीत.

कोपऱ्यातल्या कॉलमवर उभा भार कमी असतो, तो उचलला जातोय का हे फक्त ०.९ ची ओळ सांगते. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहे, झोनचा गुणांक झेड ०.१६. किल्लारीचा १९९३ चा भूकंप जवळच्याच लातूर जिल्ह्यातला, तेव्हा ही ओळ नावापुरती समजू नये. मातीची भारक्षमता तपासायला मात्र गुणक न लावलेली वेगळी यादी करा. फॅक्टर लावलेली रिॲक्शन आणि सेफ बेअरिंग कपॅसिटी यांची तुलना करून फूटिंग उगाच मोठं केलेलं अनेकदा दिसतं.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत लोखंडी शेड आहे, ब्रेसिंग (तिरपे आधार) गोल सळईचं. स्टॅडमध्ये लोड कॉम्बिनेशन वापरलं तर सळईत दाब दिसतो. का?

उत्तर : ‘लोड कॉम्बिनेशन’ आधी निघालेल्या उत्तरांची बेरीज करतं. सळई फक्त ताण घेते, म्हणून एका केसमध्ये ती कामाला असते, दुसरीत सुटलेली. अशा दोन वेगळ्या सांगाड्यांच्या उत्तरांची बेरीज निरर्थक ठरते. इथे ‘रिपीट लोड’ वापरा. त्यात भार गुणकासह एकत्र होऊन नव्यानं सोडवले जातात. पी-डेल्टा ॲनालिसिसलाही (सांगाडा झुकल्यामुळे वाढणारा परिणाम धरणारा हिशेब) हेच लागू. ज्या केसचा संदर्भ घेता, ती फाइलमध्ये आधी आलेली हवी.

वाऱ्याच्या केस आठ ठेवा : चार दिशा, प्रत्येकीत आतला दाब अधिक आणि उणे. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस ८७५ भाग ३ नुसार उघडे भाग भिंतीच्या ५ टक्क्यांपर्यंत असतील तर आतल्या दाबाचा गुणांक ±०.२, ५ ते २० टक्क्यांपर्यंत ±०.५. दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग असलेली कारखान्याची शेड सहज दुसऱ्या गटात जाते.

प्रश्न : चादरी-टॉवेलच्या गोदामाच्या पहिल्या मजल्याला लाइव्ह लोड किती धरावा? सगळ्या गाळ्यांवर एकदम दिला तर पुरे?

उत्तर : आयएस ८७५ भाग २ मध्ये साठवणुकीसाठी थराच्या प्रत्येक मीटर उंचीला प्रति चौरस मीटर २.४ किलोन्यूटन, किमान ७.५. साडेतीन मीटर थप्पी लागणार असेल तर ८.४.

एकदम देऊन भागणार नाही. लाइव्ह लोड डेडच्या तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त नसेल तरच आयएस ४५६ ती सूट देतं. १५० मिमी स्लॅब आणि फिनिश मिळून ४.७५, त्याचे तीन चतुर्थांश साधारण ३.५६. तुमचे ८.४ कितीतरी पुढे आहेत. घराच्या २ किलोन्यूटनला जे चालतं, ते इथे चालत नाही.

प्रत्येक स्पॅनचा (दोन आधारांमधल्या गाळ्याचा) लाइव्ह लोड वेगळ्या केसमध्ये ठेवा. चार स्पॅनला अ, ब, क, ड म्हणा. अ+क आणि ब+ड मधून स्पॅनमधला जास्तीत जास्त मोमेंट (वाकवणारा जोर) मिळतो. अ+ब, ब+क, क+ड मधून आधारावरचा. शिवाय सगळे एकत्र. या सहांचं एन्व्हलप (प्रत्येक जागी येणारे सगळ्यात मोठे आकडे) डिझाइनला द्या. मास सोर्समध्ये चारही केस घ्या आणि प्रत्येकीला ०.५ गुणक लावा, कारण भार ३ किलोन्यूटनच्या वर आहे.