रिडक्समध्ये स्टेट नेमकी कोणत्या अ‍ॅक्शनला बिघडली, हे कसं शोधायचं?

रिडक्स ही अ‍ॅपचा डेटा (स्टेट) एका जागी, म्हणजे स्टोअरमध्ये, सांभाळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी; स्टेटमधला प्रत्येक बदल एका अ‍ॅक्शनने होतो आणि रिडक्स डेव्हटूल्स हे ब्राउझर एक्स्टेन्शन त्या अ‍ॅक्शन्सची यादी दाखवतं. तुमची अडचण अशी: कार्टची एकूण रक्कम मधूनच 160 ऐवजी 1240 येते, रिडक्स डेव्हटूल्समध्ये पुष्कळ अ‍ॅक्शन्स दिसतात आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

यादी वरून खाली वाचत बसू नका. आधी नजर एकाच जागेवर आणा. स्टेट टॅबमध्ये कार्ट उघडून त्या वस्तूच्या 'नग' या कीजवळचं 'पिन' दाबा. आता कुठल्याही अ‍ॅक्शनवर क्लिक केलं की तेवढीच किंमत (व्हॅल्यू) दिसेल, बाकी स्टेटचं झाड गायब. मग यादी अर्ध्यावर तोडा: मधल्या अ‍ॅक्शनला किंमत बरोबर असेल तर खालचा अर्धा भाग बघा, चुकीची असेल तर वरचा. 200 अ‍ॅक्शन्स असल्या तरी सात-आठ क्लिकांत काम होतं.

दोन लांबच्या क्षणांची तुलना करायची तर पहिल्या अ‍ॅक्शनवर क्लिक करा, दुसरीवर शिफ्ट धरून क्लिक करा आणि डिफ (फरक दाखवणारा) टॅब उघडा. पहिली अ‍ॅक्शन होण्याआधीची स्टेट आणि दुसरी झाल्यानंतरची स्टेट यांतला फरक दिसतो. म्हणजे पहिलीने स्वतः केलेला बदलही त्यात धरलेला असतो. तो नको असेल तर एक पायरी पुढून निवडा. हे बटण म्हणून कुठेच दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

तुमच्या 1240 या आकड्यावरून माझा संशय असा. वस्तूची किंमत 40 असेल तर 1240 म्हणजे 31 नग. तीन नग असताना अधिकचं बटण दाबलं की 4 व्हायला हवेत, झाले 31. डिफमध्ये "3" => "31" दिसेल, आणि ती अवतरणचिन्हं हाच पुरावा: नग आकडा राहिला नव्हता, स्ट्रिंग (मजकूर) झाला होता. आता दुसरा शोध घ्या, अवतरणचिन्हं कधीपासून आली याचा. बहुधा बरंच आधी, ग्राहकाने इनपुटमध्ये आकडा टाइप केला त्या अ‍ॅक्शनला 2 => "3" सापडेल. तेव्हा स्क्रीनवर रक्कम बरोबरच होती, कारण जावास्क्रिप्ट गुणाकार करताना "3" ला आकडा मानते, बेरजेत मात्र चिकटवते. रक्कम जिथे चुकलेली दिसली तो रिड्यूसर (अ‍ॅक्शनवरून नवी स्टेट काढणारं फंक्शन) दुरुस्त करू नका; इनपुटची किंमत डिस्पॅच करण्यापूर्वीच (अ‍ॅक्शनमधून स्टोअरकडे पाठवण्यापूर्वीच) तिचा आकडा करून घ्या.

ती अ‍ॅक्शन कोणत्या कंपोनंटमधून आली हे कळत नसेल तर स्टोअर तयार करणाऱ्या कॉन्फिगरस्टोअरच्या डेव्हटूल्स पर्यायात ट्रेस ट्रू करा. ट्रेस टॅबमध्ये कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) दिसतो, मुळात 10 ओळींपर्यंत. त्याने अ‍ॅप थोडं मंदावतं, काम झालं की बंद करा.

सुरुवातीच्या अ‍ॅक्शन्सच गायब असतील तर दोष तुमचा नाही. मॅक्सएज (किती अ‍ॅक्शन्स जपायच्या ही मर्यादा) मुळात 50 असतं, त्यापुढे जुन्या अ‍ॅक्शन्स गळतात. ते 200-300 करा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टायमर, स्क्रोल असल्या सतत येणाऱ्या अ‍ॅक्शन्स डिनायलिस्टमध्ये (नोंदवायच्या नाहीत अशा अ‍ॅक्शन्सच्या यादीत) टाका, नाहीतर मेमरी फुगते आणि यादीही निरुपयोगी होते.

जंप (यादीतल्या जुन्या अ‍ॅक्शनच्या वेळची स्टेट परत आणणं) वापरताना एक गोष्ट हमखास फसवते. मागच्या अ‍ॅक्शनवर जंप करून अ‍ॅपमध्ये बटण दाबलं तर काहीच होत नाही. अ‍ॅप अडकलेलं नसतं. नवी अ‍ॅक्शन यादीच्या शेवटी जाते आणि स्क्रीन मात्र तुम्ही निवडलेल्या जुन्या क्षणावरच राहते. शेवटच्या अ‍ॅक्शनवर परत जा. शिवाय जंपमुळे मिडलवेअर (अ‍ॅक्शन रिड्यूसरकडे जाण्याआधी चालणारा कोड) पुन्हा चालत नाही, पण स्टेट बदलल्याने कंपोनंटमधला यूजइफेक्ट (रिअ‍ॅक्टमध्ये स्क्रीन बदलल्यावर चालणारा कोड) चालू शकतो आणि खरी एपीआय विनंती जाऊ शकते. अशा वेळी आधी लॉक दाबून नव्या अ‍ॅक्शन्स थोपवा, मग जंप करा. तरीही इफेक्टमधून थेट फेच (सर्व्हरकडे विनंती) होत असेल तर ते लॉकने थांबत नाही.

जंप करूनही स्क्रीन हलतच नसेल तर रिड्यूसर जुनी स्टेट जागच्या जागी बदलतोय अशी शंका घ्या. हाताने लिहिलेल्या रिड्यूसरमध्ये पुश, सॉर्ट शोधा. रिडक्स टूलकिटच्या क्रिएटस्लाइसमध्ये इमर (असे बदल नव्या प्रतीवर करणारी लायब्ररी) असल्याने तिथे पुश चालतं.

संशयित अ‍ॅक्शन स्किप करून (ती घडलीच नाही असं धरून) बाकीच्या तशाच राहू देणं हा उत्तम प्रयोग. पण स्किप केलं की रिड्यूसर पुन्हा चालतात; आत डेट.नाऊ किंवा मॅथ.रँडम असेल तर किमती दर वेळी वेगळ्या येतील आणि निष्कर्ष कुचकामी ठरेल.

स्टेटमध्ये मॅप किंवा सेट ठेवला असेल तर डिफ काहीच दाखवणार नाही, कारण साध्या जेसनमध्ये दोन्ही रिकाम्या कंसांसारखे दिसतात. डेव्हटूल्स पर्यायात सिरियलाइझ ट्रू करा, किंवा साधं ऑब्जेक्ट वापरा, जे मला जास्त पटतं. अ‍ॅरेतल्या वस्तूंना आयडी द्या. नसेल तर जुळवणी क्रमांकावरून होते आणि सुरुवातीला एक वस्तू घातली तरी अख्खी यादी बदललेली दिसते.

टेस्टरच्या मशीनवरच चूक येत असेल तर त्यांच्याकडून एक्सपोर्ट केलेली फाइल मागवा आणि तुमच्याकडे इम्पोर्ट करा. पाठवण्याआधी ती उघडून टोकन (लॉगिनची गुप्त खूण), फोन नंबर काढायला सांगा. आणि प्रॉडक्शन बिल्डमध्ये डेव्हटूल्स फॉल्स करा: कॉन्फिगरस्टोअरमध्ये ते मुळातच चालू असतं, आपोआप बंद होत नाही, त्यामुळे एक्स्टेन्शन असलेल्या कोणालाही आपल्या ब्राउझरमध्ये तुमच्या स्टोअरची रचना वाचता येते.