कॅमेऱ्याआधी कागद

प्रश्न : मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगा यंदा ६८ टक्क्यांनी बारावी सायन्स पास झाला. चुलतभावाबरोबर लग्नाच्या शूटिंगला जातो, मोबाइलवर व्हिडिओ बनवतो. इंजिनिअरिंग नको, दोन लाखांचा कॅमेरा घेऊन द्या म्हणतो. त्याचे बाबा विचारतात, बटण दाबायला कसलं आलंय शिक्षण? यात खरंच शिकण्यासारखं काही असतं का? काय करावं? (नाव न छापण्याची विनंती)

नमस्कार ताई,

पत्राबरोबर पाठवलेले त्याचे दोन्ही व्हिडिओ मी पाहिले, हळदीचा तर तीनदा. त्यात एका ठिकाणी नवरीचे वडील हातातलं ताट खाली ठेवतात आणि हा कॅमेरा जराही न हलवता त्यांच्या रिकाम्या हातांवर चांगला पाच सेकंद थांबलाय. अठराव्या वर्षी एवढा धीर धरणं मला फार मोलाचं वाटतं. बाकी ठिकाणी मात्र सेकंदा-सेकंदाला कट आहेत, खाली सिनेमातलं गाणं लावलंय आणि मांडवातल्या ट्यूबलाइट सारख्या फडफडतायत. हे शिकून सुधारतं. त्याच्या बाबांना सांगा, बटण दाबायला शिक्षण लागत नाही हे खरं आहे, पण व्हिडिओच्या कामात बटण दाबण्याचा वाटा फार थोडा असतो. किती थोडा, ते एका कामावरून सांगतो.

मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी चौदा वर्षं पुण्यात माहितीपट आणि व्यावसायिक फिल्म करत होतो. तासगावजवळच्या एका बेदाणा उत्पादकाला बाहेरच्या व्यापाऱ्यांना दाखवायला चार मिनिटांची फिल्म हवी होती. शूटिंग झालं दोन दिवस. त्याआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे काम चाललं.

पहिल्या बैठकीत मालकांना सगळंच दाखवायचं होतं : नवीन मशीन, ट्रॅक्टर, आजोबांचा फोटो, शेडचं गेट. आम्ही एवढंच विचारलं की ही फिल्म कोण बघणार, आणि बघून त्याने काय करावं अशी तुमची इच्छा आहे? उत्तर मिळालं, इंदूर-दिल्लीकडचे व्यापारी बघतील, मोबाइलवर, बाजाराच्या गडबडीत, आणि त्यांनी नमुना मागवावा. झालं, निम्मे निर्णय तिथेच लागले. निवेदन हिंदीत. आवाज बंद असला तरी कळावं म्हणून खाली अक्षरं. आणि पहिल्या दहा सेकंदांत मालाचा रंग दिसलाच पाहिजे. गेट आपोआप गळलं.

त्यांचा फोन आला होता ऑक्टोबरात. तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेव्हा शेडमधल्या बेदाणा सुकवायच्या रॅक रिकाम्या असतात. आम्ही फेब्रुवारी उजाडायची वाट पाहिली. ज्याने कॅमेरा आधी उचलला असता, त्याने रिकाम्या शेडचे सुंदर शॉट आणले असते.

मग स्क्रिप्ट. तुम्ही पाठटाचण काढता तसंच हे असतं. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे वाक्य उजवीकडे लिहिलं की डावीकडे काय दाखवायचं याचा विचार करावाच लागतो. आम्ही एका तराजूत द्राक्षांचे घड आणि दुसऱ्यात मूठभर बेदाणा ठेवायचं ठरवलं. ही कल्पना कागदावर सुचली, शेडमध्ये उभं राहून सुचली नसती.

त्यानंतर रेकी, म्हणजे जागा आधी जाऊन पाहणं. ऊन कुठून येतं, प्लग कुठे आहेत, पंखे किती वाजता सुरू होतात, सगळं टिपून आणायचं. शेडला हिरवं शेडनेट होतं. त्याखाली माणूस उभा केला की चेहऱ्यावर हिरवट झाक येते. डोळ्याला ती जाणवत नाही, कॅमेरा सोडत नाही. म्हणून माल निवडणाऱ्या बायकांचं टेबल शेडच्या कडेला, मोकळ्या उजेडात घ्यायचं आणि समोर पांढरा थर्माकोल धरायचा असं ठरलं.

हे सगळं लिहून ठेवायची सवय मला एका चुकीने लागली. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी एका ज्येष्ठ कामगारांची मुलाखत घेतली होती. चित्र उत्तम आलं. एडिटिंगला बसलो तेव्हा लक्षात आलं की भिंतीपलीकडच्या जनरेटरची घरघर प्रत्येक शब्दाखाली आहे. शूटच्या वेळी मी कानाला हेडफोन लावलाच नव्हता. पुन्हा गेलो तोवर ते निवृत्त होऊन गावी गेले होते. ती मुलाखत कायमची गेली. खराब चित्र प्रेक्षक थोडा वेळ सहन करतो, खराब आवाज अजिबात करत नाही. तुमच्या मुलाला हे एवढं एक पटलं तरी तो चार पावलं पुढे जाईल.

शूटच्या आदल्या रात्री प्रत्येकाला कॉलशीट जाते. कोण किती वाजता कुठे, कुठला शॉट कधी, जेवण कुठे, जवळचा दवाखाना कोणता. सकाळी साडेसहाला पहिला शॉट, कारण ते ऊन आठनंतर मिळत नाही. मालकांना ड्रोनचा शॉट हवाच होता, म्हणून प्रमाणपत्र असलेला पायलट बोलावला. २०२१ च्या नियमांनुसार पैसे घेऊन असा ड्रोन उडवायचा तर ते प्रमाणपत्र लागतं. अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलेल्याला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन ते मिळवता येतं. हा मार्ग त्याच्या कानावर असू द्या.

आता त्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळते. शटर १/५० ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी ते सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं ठेवलं, की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन झोत येतात आणि उजेड स्थिर दिसतो. १/६० ठेवलं की हिशेब चुकतो आणि पट्टे दिसतात. म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ही जोडी सोयीची. त्याने नुकतंच पार केलेलं बारावीचं फिजिक्स ते हेच!

मुलाखत घेणं ही वेगळीच विद्या आहे. “किती वर्षं हे काम करता?” असं विचारलं की “अकरा” असं उत्तर येतं. आपला प्रश्न एडिटमध्ये कापला जातो, उरतो नुसता आकडा. त्याऐवजी “पहिल्या दिवशी इथे आलात तेव्हाचं सांगा” म्हणायचं, आणि उत्तर संपलं तरी गप्प राहायचं. तिथे एक मावशी बोलून थांबल्या. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला. त्यांनी समोरचा एक बेदाणा उचलला, दोन बोटांत दाबला आणि स्वतःशीच म्हणाल्या, “ह्यो अजून वला हाय.” फिल्मची सुरुवात त्याच वाक्याने झाली. स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. पण स्क्रिप्ट पक्की होती म्हणूनच हे काहीतरी वेगळं मिळालंय हे आमच्या लक्षात आलं.

पॅकअपनंतरचं पहिलं काम म्हणजे फूटेजच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने, केलेलं एक तासाचं शूटिंग साधारण ४५ जीबी भरतं, आमच्याकडे तीन तासांहून जास्त होतं. तीन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

एडिटिंग म्हणजे कापाकापी असा समज आहे. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस नुसतं बघण्यात आणि टिपून ठेवण्यात जातात. मुलाखतींतलं प्रत्येक वाक्य लिहून काढायचं, त्यातून कागदावर क्रम लावायचा, मग टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या शॉट जोडायच्या पट्टीवर जायचं. पहिली जोडणी एकोणीस मिनिटांची झाली. तिची साडेसहाची झाली, मग चारची. शेवटची अडीच मिनिटं काढणं सर्वांत अवघड, कारण तेव्हा चांगले शॉट टाकून द्यावे लागतात. तराजूचा शॉट राहिला. ड्रोनचे तीनपैकी दोन गेले. मालकांनी बदल सुचवले, तेही कामाचा भागच. बदलांच्या फेऱ्या दोनच आणि निम्मे पैसे आधी, हे कामाच्या पत्रात आधीच लिहिलेलं असलं की नातं बिघडत नाही.

चित्र पक्कं झालं, म्हणजे पिक्चर लॉक झालं, की त्यानंतर एकही कट हलवायचा नाही. मग कलर, म्हणजे सगळ्या शॉटचे रंग नीट करणं. तिथे शेडनेटच्या आतल्या शॉटमधली हिरवी झाक काढताना खरी पंचाईत होती, कारण बेदाणाही हिरवाच! चेहरे निवळायचे आणि माल जसा आहे तसाच दिसायला हवा, नाहीतर ती व्यापाऱ्याची फसवणूक झाली असती. नमुन्याची पिशवी मॉनिटरशेजारी ठेवून एक अख्खा दिवस त्यात गेला. मग आवाजाचं मिक्सिंग, रीतसर परवाना घेतलेलं संगीत, अक्षरं, आणि मोबाइलसाठी उभी आवृत्ती वेगळी.

एवढं विस्ताराने लिहिलं, कारण यातलं प्रत्येक काम हे कुणाचं तरी पूर्ण वेळचं करिअर आहे. लेखन, निर्मिती व्यवस्था, कॅमेरा, ध्वनी, एडिटिंग, कलर, ग्राफिक्स. दोन व्हिडिओंवरून पक्कं सांगता येत नाही, पण हातांवरचे ते पाच सेकंद पाहून मला तो एडिटिंगकडचा वाटतो. ध्वनीचाही विचार त्याने जरूर करावा, चांगला साउंड रेकॉर्डिस्ट मिळवायला आम्हाला नेहमी धावाधाव करावी लागायची.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) ही १९६० पासूनची संस्था. तिच्या दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग, ध्वनी या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. ध्वनीसाठी बारावीला फिजिक्स असावं लागतं, ते त्याच्याकडे आहे. तेव्हा आधी पदवी. मास मीडियाची घेतली तर उत्तम, पण साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र यातलं काहीही चालेल. बेदाण्याचा बाजार समजत नसेल तर त्यावरची फिल्म कशी करणार? इंजिनिअरिंगला मात्र मनाविरुद्ध ढकलू नका. पदवी चालू असताना सुट्ट्यांत एखाद्या एडिटरच्या हाताखाली बसता येईल.

बाबांची काळजी रास्त आहे. पहिली दोन-तीन वर्षं सहायकाची असतात, कामं सलग नसतात, बिल निघायला दोन-तीन महिने लागतात. ते गृहीत धरूनच घरी बोला. दोन लाखांचा कॅमेरा आत्ता घेऊ नका. कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि लवकर जुने होतात. घ्यायचाच तर बरा कॉम्प्युटर, चांगला हेडफोन आणि कॉलरला लावायचा एक माईक घ्या. एडिटिंगसाठी ‘दा व्हिन्ची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती त्याला पुढची दोन वर्षं पुरेल.

आणि त्याला माझ्याकडून एक काम द्या. तुमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर तीन मिनिटांचा व्हिडिओ, मोबाइलवरच. मुख्याध्यापकांची आणि त्या ताईंची परवानगी आधी, मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांचीही. मला व्हिडिओ पाठवायचा नाही, आधी दोन पानं पाठवायची : हा कोण बघणार, आणि मधोमध रेघ मारलेली स्क्रिप्ट. ती वाचून मी त्याला उत्तर लिहीन, मग शूट. लिहिण्याआधी एक दिवस मोबाइल घरी ठेवून त्याला तिथे पाठवा, सकाळी त्या तांदूळ निवडायला बसतात तेव्हा.