शिवणाची खोली कशी मांडावी?

प्रश्न : नागपुरातील आमच्या घरातली दहा बाय दहा फुटांची, पश्चिमेकडे खिडकी असलेली खोली मी शिवणकामासाठी मोकळी केली आहे. तिची मांडणी व सजावट कशी करावी?

उत्तर : आधी उजेडाचा विचार करा. उजव्या हाताने काम करत असाल, तर खिडकी डावीकडे येईल अशी मशीन ठेवा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. मात्र दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन रंगीत कापड आणि रिळे फिकी करते; म्हणून भिंतीवर रिळांची उघडी मांडणी कितीही मोहक दिसली, तरी ती खिडकीसमोरच्या भिंतीवर करू नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि दिवसभर कुलर चालतो. त्याची दमट हवा सुया, टाचण्या आणि बॉबिन केसवर (खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या धातूच्या डबीवर) गंज आणते, आणि गंजलेल्या टाचणीचा तांबूस डाग पांढऱ्या सुती कापडावरून सहजी जात नाही. त्यामुळे मशीन कुलरच्या झोतात नको, आणि सुया घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवाव्यात.

कापण्याचे टेबल साधारण ३६ इंच उंच घ्या. जमिनीवर वाकून कापड बेतल्याने कंबर धरते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. टेबलाखाली कप्पे करून घेता येतील.

सजावटीसाठी वेगळा खर्च नको. जुन्या, विरलेल्या करवतकाठी साडीचा शाबूत काठ चौकटीत बसवून भिंतीवर लावा. विदर्भाच्या विणकामाचा तो नमुना काम करताना रोज डोळ्यांसमोर राहील.