साताऱ्यात कराड कसं शिरलं?

भावा, फोन नंबरांचे पहिले चार आकडे कापून गावावार गट करणारी तुझी पायथन स्क्रिप्ट साताऱ्याच्या गटात कराडचे नंबर टाकतेय म्हणालास. बाकी स्क्रिप्ट चुकलेली नाही, चार आकडे कापणं चुकलंय. साताऱ्याचा एसटीडी कोड, म्हणजे लँडलाइन नंबराआधीचा गावाचा कोड, ०२१६२, कराडचा ०२१६४. पहिले चारच घेतलेस तर दोन्हीकडं ०२१६ उरतं, मग सातारकर आणि कराडकर एकाच गटात बसणारच. बरं, पाच घ्यावेत तर सांगलीचा कोड आहे चार आकडी, ०२३३. पाचवा आकडा गिऱ्हाइकाच्या नंबरातला येतो आणि एका सांगलीच्या पाच-सहा सांगल्या होतात! पुण्याचा तर तीनच आकडी, ०२०.

म्हणून कापाकापी सोड. कोड आणि गावाची एक डिक्शनरी (कोडासमोर गाव अशी जोड्यांची यादी) कर, लूप फिरवून एकेक कोड घे आणि नंबर कुठल्या कोडनं सुरू होतो ते 'स्टार्ट्सविथ' (startswith) या फंक्शननं तपास. गट साठवायला डिफॉल्टडिक्ट (defaultdict) घे, ही डिक्शनरी नव्या गावाची लिस्ट आपोआप करते, प्रत्येक गावाची रिकामी लिस्ट आधी करत बसायला नको.

नंबर मात्र स्ट्रिंगच, म्हणजे मजकूर म्हणूनच ठेव. इंट, म्हणजे पूर्णांक केलास की सुरुवातीचं शून्य गेलं. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याची यादी मी अशीच नासवली होती. रात्रभर शून्यं चिकटवत बसलो. मोकळ्या जागा आणि डॅशही आधीच काढ.

मोबाईलचे पहिले आकडे बघून कंपनी ठरवू नकोस. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.